नाना बाकडं बदलतात

एखादा माणूस आयुष्यभर एकाच मताला चिकटून राहिला की गावात त्याला मान मिळतो, पण त्याचे किस्से होत नाहीत. किस्से होतात ते मत बदलणाऱ्याचे! आमच्या नानांनी इतक्या वेळा मतं बदलली, की धुळ्यापासून जळगावपर्यंत कुणालाही नुसतं "नाना" म्हणा, तो खुर्ची ओढून बसतो आणि सांगायला लागतो. माझ्याकडे सगळ्यात जास्त साठा आहे, कारण त्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडलोय मी!

नाना धुळ्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. तरुणपणी कडक समाजवादी. पुढे खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते. त्यानंतर "दोन्हीकडे थोडं थोडं खोटं आहे" असं म्हणून दोन्हीकडच्यांना दुखावणारे.

मी त्यांचा विद्यार्थी. माझे वडील नगरपालिकेत कामाला होते आणि आमच्या बौद्धवाड्यातून कॉलेजात पोचलेल्या पहिल्या दोन-तीन पोरांतला मी. वर्गात मान खाली घालून बसायचो. एक दिवस नानांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, "मी आत्ता तासभर जे शिकवलं ते चूक आहे. कसं, ते तू सांग."

मी घाबरत घाबरत तोंड उघडलं, ते आजतागायत बंद केलेलं नाही. पुढे वकील झालो. नाना मला नावानं हाक मारत नाहीत, "वकील" म्हणतात.

आता आमच्या कट्ट्याबद्दल सांगतो. आमचे एक मित्र डॉक्टर आहेत. त्यांचा दवाखाना गुरुवारी बंद असतो, म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या वेटिंग रूममध्ये आमचा कट्टा भरतो. समोरासमोर दोन बाकडी. एक घड्याळाखाली, दुसरं कॅलेंडरखाली. विषयाच्या बाजूनं असाल तर घड्याळाखाली बसायचं, विरोधात असाल तर कॅलेंडरखाली. बोलता बोलता मत बदललं, तर आपला चहाचा कप घेऊन उठायचं आणि समोर जाऊन बसायचं. आणि एक कडक नियम. बाकडं बदलणाऱ्याला "परवा तर तुम्ही असं म्हणत होतात!" हे वाक्य ऐकवायचं नाही. जो ऐकवेल, त्यानं त्या दिवशीचे सगळ्यांचे कप धुवायचे.

हा नियम कुणी केला असेल? नानांनीच! त्यांच्याइतकी गरज दुसऱ्या कुणाला होती?

* * *

एकदा विषय होता दारूबंदी. नाना घड्याळाखाली. बंदी झालीच पाहिजे म्हणून असे काही पेटले होते, की समोरच्या बाकड्यावर आम्ही तिघं आपापले मुद्दे विसरलो. बायकांचे हाल, पोरांची उपासमार, एकेक मुद्दा ठोकून सांगत होते.

डॉक्टर चहा ओतता ओतता सहज म्हणाले, "नाना, एक मात्र आहे हं. ज्या गावात बंदी आहे ना, तिथले पेशंट माझ्याकडे जास्त वाईट अवस्थेत येतात. काय पितात कुणास ठाऊक! आणि लाजेपोटी येतातही उशिरा."

नानांचं बोलणं चालूच होतं. "...आणि म्हणून मी ठामपणे सांगतो, की सरकारनं ताबडतोब..." एवढं म्हणून थांबले. कपाकडे बघितलं. उठले आणि म्हणाले, "सरका जरा. हे वाक्य मला तिकडे बसून पूर्ण करायचंय!"

* * *

याच बाकड्यांसमोर एका गुरुवारी एक नवखे आजोबा येऊन उभे राहिले. दार उघडं दिसलं म्हणून दवाखाना चालू असेल असं समजून आत आलेले. डॉक्टर आत फोनवर बोलत होते. आमचं शहरातल्या पाणीपट्टीवर जोरात जुंपलेलं.

आजोबांनी विचारलं, "कुठं बसू?"

नानांनी वर न बघताच विचारलं, "आधी सांगा, तुमचं मत काय?"

"पोट दुखतंय."

नाना गंभीरपणे म्हणाले, "मग कुठंही बसा. तुमचं दुखणं दोन्ही बाजूंना मान्य आहे!"

डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आजोबांना तपासलं. गोळ्या घेऊन झाल्यावरही आजोबा हलेनात. शेवटपर्यंत कॅलेंडरखाली बसून होते. पुढच्या गुरुवारी पुन्हा हजर. पोट बरं होतं!

* * *

सोनगीरचा किस्सा तर त्या भागात अजून सांगतात. तिथल्या एका मंडळानं नानांचं व्याख्यान ठेवलं होतं. 'शेतमालाची विक्री मार्केट यार्डातच का व्हावी?' असा विषय, तसा मोठा बॅनर. तेव्हा नाना अजून कडक समाजवादी होते, त्यामुळे आयोजकांना काळजी नव्हती. सोबत मी होतो.

धुळ्याहून सोनगीर म्हणजे एसटीनं जेमतेम अर्धा तास. नानांच्या शेजारी वांग्यांची पाटी घेऊन एक बाई बसल्या होत्या. नानांना गप्प बसवत नाही. त्यांनी बाईंना विचारलं, "यार्डात विकत नाही का माल?"

बाई म्हणाल्या, "इकस ना भाऊ. पन तठे भाव कोन ठरावस? मी ते नही ठरावत. मंग तो बजार मन्हा कसा व्हयना?"

भाव दुसराच ठरवणार तर बाजार माझा कसा, या प्रश्नावर नाना खिडकीबाहेर बघत राहिले. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तसा मी त्यांना व्याख्यानाचा विषय दोनदा आठवून दिला, कारण नानांचा हा चेहरा मला माहीत होता.

व्याख्यान तासभर झालं. त्या बॅनरखाली उभं राहून नानांनी बॅनरवरच्या प्रश्नाचं उत्तर "का व्हावी? होऊ नये!" असं दिलं. शेतकऱ्याला जिथं पटेल तिथं विकू द्या, असं ठासून सांगितलं. लोक हसले, चिडले, टाळ्याही वाजल्या. आयोजक घामाघूम.

शेवटी आभार मानायला मंडळाचे चिटणीस उठले. त्यांनी खिशातून आधीच लिहून आणलेला कागद काढला आणि वाचला, "नानांनी आपल्या भूमिकेचं आज जे जोरदार समर्थन केलं, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत!"

परत येताना नाना म्हणाले, "त्या चिटणीसाकडून शिका वकील. भूमिका बदलली तरी ढळला नाही!"

* * *

नानांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का घरात अहिराणीच बोलतात आणि नानांच्या विचारांवर बोलायला त्यांना एक वाक्य पुरतं.

निवडणुकीच्या दिवसांत एक कार्यकर्ता घरी आला. नानांचं नाव मोठं, त्यांचा पाठिंबा मिळाला तर बरं, असा त्याचा हिशेब. नाना बाहेर गेले होते. त्यानं अक्कांना आदबीनं विचारलं, "अक्का, नाना यंदा कोणाच्या बाजूनं आहेत?"

अक्का तांदूळ निवडत होत्या, त्या दिवशीचा पेपर अजून यायचा होता. म्हणाल्या, "माले इचारू नको भाऊ. आज्यून पेपर उना नही!"

आणि तो चहा पीत असताना पुढे म्हणाल्या, "हाई मानूस बठ्ठं बदलस. चहामानी साखर तेवढी बदलत नही!"

* * *

जळगावला एका कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत नाना परीक्षक होते. स्पर्धा झाली, मग प्रश्नोत्तरं. एक चुणचुणीत मुलगी उठली. जामनेरची होती. तिच्या हातात नानांचीच एक जुनी पुस्तिका. पन्नास पानांची, समाजवादी काळातली, पिवळी पडलेली.

ती म्हणाली, "सर, तुम्ही आत्ता भाषणात जे म्हणालात, त्याच्या बरोबर उलट या पुस्तिकेत लिहिलंय. वाचून दाखवू?"

"दाखवा की."

तिनं वाचलं. सभागृहात खसखस. सगळे नानांकडे बघायला लागले. माझ्यासारख्या वकिलालाही यातून सुटका दिसेना.

नाना शांतपणे म्हणाले, "त्या लेखकाशी माझे मतभेद आहेत. पण माणूस प्रामाणिक होता!"

नंतर त्यांनी त्या मुलीला पहिलं बक्षीस दिलं. बाकीच्या परीक्षकांनी विचारलं, तिच्या भाषणाला तर कमी गुण होते ना? नाना म्हणाले, "भाषणाला नाही दिलं. एवढी जुनी पुस्तिका शोधून, वाचून आली. ती वाचलेली ती जगातली दुसरी व्यक्ती!"

* * *

इथपर्यंतचे किस्से मी हसत सांगतो. पुढचा सांगताना मला अजूनही जरा जड जातं.

माझी मुलगी सुजाता शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा बायकोला तिला इंग्रजी शाळेत घालायचं होतं. त्याच सुमारास नानांनी एक भाषण केलं. आपल्या घरांतल्या पोरांनी मराठीतच शिकलं पाहिजे, आपणच पाठ फिरवली तर या शाळा मरतील, वगैरे. मी भारावून गेलो. बायकोशी भांडून सुजाताला नगरपालिकेच्या शाळेत घातलं. गर्वानं सगळ्यांना सांगतही फिरलो.

सुजाता चौथीत असताना एका सकाळी कोर्टाच्या बार रूममध्ये मी पेपर उघडला. नानांचा लेख. इंग्रजी ही श्रीमंताची हौस नाही, गरिबाची गरज आहे. ज्यांच्या घरी पुस्तक नाही त्यांच्या पोरांना पहिल्यापासून इंग्रजी मिळालं पाहिजे. आणि खाली सरळ लिहिलेलं, 'याबाबत मी आधी चुकलो होतो.'

त्या गुरुवारी मी कट्ट्यावर गेलो तो बसलोच नाही. दोन बाकड्यांच्या मधे उभा राहिलो आणि नानांना म्हणालो, "परवा तर तुम्ही उलटं सांगत होतात!"

सगळे चपापले. नियम मोडला होता. नाना म्हणाले, "हो वकील. चुकलो मी."

"चुकलात तुम्ही, पण त्या शाळेत माझी पोरगी जाते!"

डॉक्टर वातावरण हलकं करायला म्हणाले, "नियमाप्रमाणे कप धुवा आता." मी म्हणालो, "तुमचे कप तुम्ही धुवा," आणि निघून आलो.

दीड वर्ष मी दवाखान्याच्या बोळात पाऊल टाकलं नाही. रस्त्यात नाना दिसले तर स्कूटर वळवायचो. ज्या माणसानं मला बोलायला शिकवलं, त्याच्याशी मी बोलणं टाकलं होतं. तोंडानं त्यांना शिव्या घालायचो आणि गुरुवार आला की संध्याकाळी घरात येरझाऱ्या.

* * *

त्या दीड वर्षातली गोष्ट. जेवताना मी एका केसबद्दल तावातावानं बोलत होतो. सुजाता पाचवी संपत आलेली. भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाली, "बाबा, युवर आर्ग्युमेंट इज वन-सायडेड."

मी उडालोच. एक तर इंग्रजी, त्यात हा आरोप!

"हे तुला कोणी शिकवलं?"

तिनं आईकडे बघितलं. आईनं भाजीच्या पातेल्यात बघितलं.

"नानांनी."

"कधी?"

"दर रविवारी! आधी इंग्रजी वाचायचं, मग तुमची बाजू मी घ्यायची आणि नाना माझी. मग उलटं."

मी बायकोकडे वळलो. रविवारी सकाळी या दोघी अक्कांकडे कुरडया-पापड शिकायला जातात, अशी माझी समजूत होती. बारा महिने कुरडया कोण घालतं, हा प्रश्न मला, वकील असून, एकदाही पडला नव्हता!

* * *

तरीही मी लगेच गेलो नाही. अहंकार. शेवटी एका केसनं नेलं.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचं कुटुंब. तीन पिढ्या कसत आलेल्या वनजमिनीवरचा त्यांचा दावा माझ्याकडे होता. मला त्यांची बाजू इतकी पक्की वाटत होती, की समोरून काय येईल याचा मी विचारच केला नाही. सुनावणीत प्रश्न आला, हे लोक दर वर्षी चार-पाच महिने गुजरातेत ऊसतोडीला जातात, मग जमीन कसतात कधी? मी अडखळलो. दावा फेटाळला गेला.

बाहेर त्या घरातले म्हातारे बाबा उभे होते. एवढंच म्हणाले, "वकीलसाहेब, आता?"

मी दीड वर्ष फक्त माना डोलावणाऱ्यांत बसत होतो, हे मला तिथं कळलं. माझ्या विरुद्ध बोलणारा एकमेव माणूस मीच टाकून दिला होता, आणि त्याचे भोग हे बाबा भोगत होते.

त्या गुरुवारी दवाखान्यात गेलो. कुणाशी न बोलता सरळ बेसिनपाशी गेलो आणि तिथं पडलेले सात कप धुतले. हात पुसून वळलो तर नाना घड्याळाखाली सरकून जागा करत होते. त्यांनी फक्त विचारलं, "विषय?"

मी केस सांगितली. नाना उठले, कॅलेंडरखाली जाऊन बसले आणि म्हणाले, "मी सरकारकडून. करा सुरुवात."

चार गुरुवार त्यांनी मला सोलून काढलं. घरी जाऊन मी पुरावे शोधायचो, पुन्हा यायचो, ते पुन्हा पाडायचे. अपिलात एकही प्रश्न नवा आला नाही. बाबांची जमीन राहिली. त्यांनी पाड्यावरून चारोळ्या पाठवल्या, त्यांतल्या अर्ध्या मी नानांकडे घेऊन गेलो आणि पाया पडलो. म्हटलं, "नाना, तुमच्यामुळे जिंकलो."

नाना चारोळ्या चघळत म्हणाले, "खरं सांगू वकील? चौथ्या गुरुवारी मला सरकारचंच पटायला लागलं होतं. थोडक्यात वाचलात!"

* * *

गेल्या वर्षी नानांना ऐंशी पूर्ण झाली. धुळ्यात सत्कार ठरला. आयोजकांची पंचाईत अशी, की नानांना मानणारे चार गट आणि चौघांना मान्य असलेले नाना वेगवेगळे. शेवटी प्रत्येक गटाचा एक वक्ता ठेवला. समाजवादी मित्रांनी चाळिशीपर्यंतचे नाना रंगवून सांगितले आणि तिथंच संपवले. बाजारवाल्यांनी नानांचा जन्मच पंचेचाळिसाव्या वर्षी झाल्यासारखं भाषण केलं. तरी सगळे मनापासून चांगलंच बोलले. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत अक्का, शेजारी मी आणि पुण्याहून सुट्टी काढून आलेली सुजाता. ती आता तिथं इंजिनिअर आहे.

शाल, श्रीफळ झालं. नाना उत्तर द्यायला उठले. माइक हातात घेतला.

"चार भाषणं झाली, चारही माझ्या बाजूनं. विरोधी बाजू कोणी मांडलीच नाही. अशी सभा मला चालत नाही. म्हणून ती मी मांडतो."

लोक हसले. नाना हसत नव्हते.

"या माणसानं मत बदललं की लोक म्हणायचे, काय धाडस! कसलं धाडस? महिन्याला पगार येत होता, नंतर पेन्शन. मत बदलल्यावर त्याचं गेलं काय? चार मित्र. पण ज्यांनी त्याचं ऐकून पिकं बदलली, नोकऱ्या सोडल्या, पोरांच्या शाळा ठरवल्या, त्यांना उठून समोर जाऊन बसता आलं का? हा एक लेख लिहायचा, 'मी चुकलो' म्हणायचा आणि मोकळा व्हायचा. समोर पहिल्या रांगेत एक मुलगी बसली आहे. तिची शाळेची चार वर्षं या माणसानं एका सकाळी पेपरात चूक ठरवली. तिला विचारलं नाही. तिच्या बापालाही नाही. अशा माणसाचा तुम्ही सत्कार करताय. कशासाठी?"

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. नाना बोलतच राहिले, एकेक मुद्दा ठोकून, आणि सांगतो, इतकी पक्की केस मी कोर्टात कधी ऐकली नाही. मागच्या रांगांत माना डोलायला लागल्या होत्या.

मला राहवेना. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "ऑब्जेक्शन!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला.

"वक्ता अर्धाच पुरावा देतोय! त्या पोरीला पुढे दर रविवारी कोणी शिकवलं, हे तो सांगत नाहीये! चूक झाली म्हणून ती निस्तरायला बसलेला हाच एक माणूस मी बघितलाय! जे कधीच चुकले नाहीत, त्यांच्यातला एकही माझ्या घरच्यांसाठी रविवारी मोकळा नव्हता! मी वर्गात मान खाली घालून बसायचो नाना, मला उभं तुम्ही केलंत! माझं सगळं, सगळं तुमच्यामुळे..."

सुजातानं माझा हात धरला. मी तसाच उभा.

नानांनी चष्मा काढला, शालीच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मग माइक तोंडाजवळ नेला.

"बसा वकील, बसा! माझ्या बाजूनं बोलायला तुम्हाला इतकी वर्षं लागली. पण मी आता तिकडे नाही!"